सायकल हलकी झाली, मग त्रास गेला कुठे?

भाचीला सायकल घ्यायची होती. घर कोथरूडला, ऑफिस बाणेरला, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर आणि मध्ये चांदणी चौकाचा चढ. "मामा, तू फक्त सोबत चल. दुकानदार जे बोलेल ते मला मराठीत सांग," एवढंच तिचं म्हणणं. कर्वे रोडवरच्या दुकानातला पोरगा सुरू झाला: वन बाय टेन, हायड्रॉलिक डिस्क, ट्यूबलेस रेडी, हब मोटर, टॉर्क सेन्सर. भाची माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी, चाळीस वर्षं सायकल चालवूनही, भिंतीवरच्या हेल्मेटांकडे.

पुणं हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं, हे वाक्य इथे एकदाच लिहितो आणि पुढे जातो. पण त्या पुण्यात वाढल्याचा एक फायदा आहे, सायकल उघडून बघायची भीती नसते. दोन रविवार वाचन केलं, ओळखीच्या मेकॅनिकचं डोकं खाल्लं आणि मग कागद-पेन्सिल घेऊन भाचीला समोर बसवलं.

तिला आधी एक गोष्ट पक्की करून दिली. सायकलीला काही नवीन लागलं की त्रास संपत नाही, त्याची जागा बदलते. पायातला त्रास चेनमध्ये जातो, चेनमधला बॅटरीत, बॅटरीतला खिशात. म्हणून प्रत्येक नव्या वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: तू कुणाचं ओझं उतरवलंस आणि ते कुणाच्या डोक्यावर ठेवलंस?

गिअरपासून सुरुवात करू. आमच्या घरच्या काळ्या सायकलीला पुढच्या चक्रीवर 44 दाते होते आणि मागच्या फ्रीव्हीलवर 18. पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक 44 भागिले 18, म्हणजे जवळजवळ अडीच फेरे फिरायचं. चाकाचा घेर सव्वादोन मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर पुढे. सपाट रस्त्याला हे छान. चढावरही तेच साडेपाच मीटर, म्हणून कात्रजच्या घाटात सगळे उतरून सायकल हातात धरून चालायचे. गिअर म्हणजे हा आकडा बदलण्याची सोय, बाकी काही नाही. भाचीला दाखवलेल्या एका सायकलीला पुढे 48, 38 आणि 28 दात्यांच्या तीन चक्र्या होत्या, मागे 11 पासून 34 दात्यांपर्यंतच्या आठ. सगळ्यात हलक्या गिअरला एका फेऱ्यात पावणेदोन मीटर, सगळ्यात जड गिअरला साडेनऊच्या आसपास. हलक्या गिअरवर चढ सोपा वाटतो, पण काम तेवढंच होतं. रक्कम तीच, हप्ते जास्त.

आता, तीन गुणिले आठ म्हणून त्यावर '24 गिअर' असा स्टिकर असतो आणि आपण खूश होतो. पण पुढे 48 आणि मागे 23 ही जोडी लावली तर गुणोत्तर 2.09 येतं, पुढे 28 आणि मागे 13 लावली तर 2.15. पायाला यातला फरक कळतसुद्धा नाही. शिवाय पुढची सगळ्यात मोठी आणि मागची सगळ्यात मोठी चक्री एकत्र लावली की चेन तिरकी ओढली जाते, ती जोडी वापरायचीच नसते. नकला आणि न वापरण्याच्या जोड्या वगळल्या तर 24 पैकी निम्म्याच खऱ्या कामाच्या.

यावरचा उपाय आधी डोंगरातल्या सायकलींत आला. 2012 मध्ये स्रॅम कंपनीने पुढे एकच चक्री आणि मागे 10 ते 42 दात्यांच्या अकरा, अशी रचना आणली. 2016 मध्ये मागच्या चक्र्या बारा झाल्या, 10 ते 50. सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड गिअर यांच्यातलं अंतर मोजलं तर एका चक्रीचे हे बारा गिअर पाचपट पल्ला देतात, आणि वरच्या 24 गिअरवाल्या सायकलीचा पल्ला सव्वापाच पट. म्हणजे जवळपास तेवढंच मिळालं आणि पुढचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा भाग), त्याची केबल, डाव्या हाताचा खटका, सगळं गेलं. 'वन बाय टेन' म्हणजे हेच, पुढे एक, मागे दहा. मग त्रास कुठे गेला? दोन गिअरमधली उडी मोठी झाली, मागचा कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा गठ्ठा, महाग झाला आणि चेन अरुंद झाली. ती जास्त जपावी लागते.

शिमानो कंपनीने 2023 मध्ये क्यूज नावाची गिअरची मालिका आणली, ती मला या सगळ्यात शहाणपणाची वाटते. आधी त्यांच्या स्वस्त आणि मधल्या गटात नावांची इतकी गर्दी होती की एकाचा सुटा भाग दुसऱ्याला लागेल याची खात्री नसे. क्यूजमध्ये ते बरंच एकसारखं केलं आणि दाते मुद्दाम जाड ठेवले. आपल्याच जुन्या दात्यांपेक्षा हे तिप्पट टिकतात असा कंपनीचा दावा आहे. वजन थोडं वाढतं. रोज ऑफिसला जाणाऱ्याने वजनाची काळजी करू नये, डब्याचं वजन त्याहून जास्त असतं.

दुकानातल्या भारी सायकलींना इलेक्ट्रॉनिक गिअर होते. खटक्याऐवजी बटण, केबलऐवजी तार किंवा बिनतारी संदेश, आणि डिरेलरमध्ये बसलेली इवलीशी मोटर. शिमानोने 2009 मध्ये हे रस्त्यावरच्या शर्यतींच्या सायकलीत आणलं, स्रॅमने 2015 मध्ये तारही काढून टाकली. केबल ताणली जाते, पावसात आतून गंजते, मग गिअर 'टकटक' करत राहतो. ते सगळं इथे नाही. मात्र बॅटरी चार्ज करायला विसरलात तर ज्या गिअरवर असाल त्याच गिअरवर घरी या. आणि एक गंमत: 2024 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी शिमानोच्या बिनतारी गिअरचा संदेश पकडून तोच पुन्हा सोडून दाखवला, म्हणजे लांब उभं राहून दुसऱ्याचा गिअर बदलला. कंपनीने मग सॉफ्टवेअर सुधारलं. आमच्या वेळी दुसऱ्याच्या सायकलीची फार तर हवा सोडता यायची.

ब्रेकचं मात्र माझं मत पक्कं आहे, पुण्याच्या पावसात डिस्कच. जुन्या ब्रेकची रबरं रिमवर घासतात. रिम जमिनीजवळ, म्हणजे पाणी, चिखल, वाळू सगळं तिथे. ओल्या रिमवर ब्रेक दाबला की रबर आधी पाणी पुसतं आणि मग धरतं. या दरम्यान तुम्ही सिग्नलची पांढरी पट्टी ओलांडलेली असते. डिस्क चाकाच्या मध्याशी, वरच्या बाजूला, त्यामुळे ती बरीच कोरडी राहते. शिवाय सिंहगडाच्या उतारावर सतत ब्रेक धरला तर रिम तापते आणि आत ट्यूब असते. डिस्क तापली तर तिच्याजवळ ट्यूब नसते.

डिस्कमध्येही दोन प्रकार. एकात केबल, दुसऱ्यात तेल. तेलवाला म्हणजे हायड्रॉलिक, आणि त्यात शाळेतला पास्कलचा नियम आहे. बंद नळीतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. हँडलपाशी छोटा दट्ट्या, चाकापाशी मोठा. छोट्यावर बोटाने दाबलेला जोर मोठ्यावर वाढून मिळतो. ब्रेकचं पॅड झिजलं तरी दट्ट्या आपोआप थोडा पुढे सरकतो, केबल ओढून बसावं लागत नाही. त्रास इथे असा: नळीत हवा शिरली की लिव्हर स्पंजासारखा लागतो आणि तेल बदलून हवा काढायचं काम कोपऱ्यावरच्या दुकानात होत नाही. काहींत खनिज तेल असतं, काहींत मोटारींच्या ब्रेकमध्ये असतं तसं 'डॉट' नावाचं द्रव. एकाच्या जागी दुसरं भरलं की आतली रबरं खराब.

आणि डिस्कला तेल चालत नाही, बाहेरून तर अजिबात नाही. हे मी पैसे देऊन शिकलोय. चेनला फवाऱ्याने तेल मारत होतो, फडकं आडवं धरायचा कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी नळ स्टॉपच्या सिग्नलला ब्रेक दाबला तर सायकल अशी किंचाळली की पुढचा रिक्षावाला मान काढून मागे बघायला लागला. थांबली ती त्याच्या रिक्षापासून वीतभर अंतरावर. पॅड टाकून द्यावी लागली.

आता टायर. गेल्या दहा-पंधरा वर्षांत सायकलीत सगळ्यात मोठा बदल इथे झालाय आणि तो सगळ्यात स्वस्तात मिळतो, म्हणून इथे जरा थांबतो.

आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की टायर जितका बारीक आणि कडक, तितकी सायकल पळते. शर्यतवालेही तेच मानायचे, 23 मिलिमीटरचा टायर आणि दगडासारखी हवा. आज तेच शर्यतवाले 28 किंवा 30 मिलिमीटर वापरतात आणि हवा कमी ठेवतात. कारण असं. टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो. या दबण्या-फुलण्यात रबर थोडी ऊर्जा खातं. हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला तर जमिनीवरचा ठसा आडवा पसरतो, लांबीला कमी होतो आणि टायरची बाजू कमी वाकते. हे झालं गुळगुळीत रस्त्यावर. खडबडीत रस्त्यावर दुसरंच काहीतरी घडतं. कडक टायर खड्ड्यात दबत नाही, तो सायकलीलाच वर उडवतो, तुमच्यासकट. तुम्हाला वर उचलायला लागलेली ऊर्जा तुमच्याच पायातून आलेली असते आणि ती तुमच्या मनगटात, पाठीत, दातांत जिरते. मऊ टायर खडा आपल्या पोटात घेतो आणि पुढे जातो.

सिमेंट रस्त्यांचे सांधे, पेव्हर ब्लॉक, दर शंभर पावलांवर गतिरोधक आणि रस्त्याच्या पातळीशी कायमचं भांडण असलेली चेंबरची झाकणं, हे ज्या शहरात आहे तिथे 38-40 मिलिमीटरचा टायर घ्यावा. भाचीच्या वजनाला त्यात 40 च्या आसपास पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. पंक्चरवाले काका सवयीने 80 भरतील, त्यांना वेळीच थांबवायचं.

ट्यूबलेस म्हणजे आत ट्यूबच नाही. टायरची कड रिममध्ये घट्ट बसते आणि आत पातळ दुधासारखं सीलंट असतं, लॅटेक्सचं. काटा घुसला की हवेबरोबर सीलंट भोकाकडे धावतं आणि तिथे गोठून बूच बसवतं. काट्याकुट्याच्या टेकडीवर फिरणाऱ्याला हे वरदान आहे. पण सीलंट काही महिन्यांत वाळतं, उन्हाळ्यात आणखी लवकर, आणि मग आत नुसती रबराची साय उरते. टायर पुन्हा बसवायला हवेचा एकदम जोराचा झोत लागतो, हातपंपाने घाम निघतो. भाचीला मी साध्या ट्यूबा घे म्हणालो. घमेल्यात पाणी घेऊन बुडबुडे शोधणारा माणूस पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. सीलंट भरणारा सापडायला आधी फोन करावा लागतो.

फक्त एक पितळी वस्तू खिशात हवी. काळ्या सायकलीचा व्हॉल्व्ह वेगळा, त्याच्या आत ती रबरी व्हॉल्व्हट्यूब असते. स्कूटरचा वेगळा. आणि बऱ्याच नव्या सायकलींना तिसराच, प्रेस्टा, पेन्सिलीच्या टोकासारखा बारीक. पंक्चरच्या दुकानातलं पिस्तूल त्यावर बसतच नाही. काका दोनदा दाबून बघतात, फुस्स होतं, मग "ही फॉरेनची आहे, होत नाही" म्हणतात. बोराएवढा अॅडाप्टर मिळतो. प्रेस्टाच्या टोकाची चिमुकली चकती आधी सैल करायची, अॅडाप्टर फिरवून बसवायचा, की तोच व्हॉल्व्ह स्कूटरचा होतो. मी माझा किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलाय.

भाचीचा खरा प्रश्न शेवटी आला. "मामा, मोटरवाली घेऊ का?"

आधी कायदा. आपल्याकडे मोटर 250 वॉटपेक्षा कमी ताकदीची, वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत असेल तर ती गाडी 'मोटार वाहन' धरली जात नाही. नंबरप्लेट नको, लायसन्स नको. "वेगाचं लॉक काढून देतो" असं कुणी म्हणालं तर तो तुम्हाला बिननोंदणीची मोटारसायकल विकतोय, एवढं समजायचं.

मग गणित, आणि त्यासाठी सिंहगडच घेऊ. गोळेवाडीच्या नाक्यापासून गाडीरस्त्याने वरच्या पार्किंगपर्यंत साधारण 600 मीटर चढाई आहे. भाची, ई-सायकल, पाणी, दप्तर मिळून 90 किलो धरू. 90 किलो 600 मीटर उचलायला सुमारे 530 किलोज्यूल लागतात. विजेच्या भाषेत 147 वॉट-तास. रस्त्याचं घर्षण आणि वारा धरून 170 म्हणा. यातलं अर्धं काम भाचीने केलं तर मोटरच्या वाट्याला 85 येतात. मोटर घेतलेली सगळी वीज चाकाला देत नाही, चौथा हिस्सा उष्णतेत जातो, म्हणजे बॅटरीतून 113 च्या आसपास. आता बॅटरीवर वाचायचं: 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तास. दोन्हींचा गुणाकार 360 वॉट-तास. सिंहगडाला तिसरा हिस्सा गेला. घरच्या मीटरवर 360 वॉट-तास म्हणजे एका युनिटच्या निम्म्याहून कमी. एका वडापावच्या पैशात चार-पाचदा बॅटरी भरते.

(मोटरशिवाय गेलात तर? माणसाचं शरीर खाल्लेल्यातला साधारण चौथा हिस्साच पायडलपर्यंत पोचवतं, त्यामुळे 530 किलोज्यूल कामाला जवळजवळ तेवढ्याच कॅलरी लागतात. वर पोचून पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही खाल्लं की हिशेब उलटा फिरतो. त्यावर मी बोलणार नाही.)

पण मोटर कुठे बसवलीय यावर हे आकडे बदलतात. हब मोटर मागच्या चाकाच्या मध्यात असते आणि चाकाच्याच वेगाने बांधलेली असते. तीव्र चढावर वेग सात-आठवर आला की मोटरही हळू फिरते, आणि हळू फिरणारी मोटर वीज जास्त उष्णतेत घालवते, तापते. मिड ड्राइव्ह मोटर पायडलपाशी असते, तिचा जोर चेनमधून जातो, म्हणजे सायकलीचे गिअर तिलाही मिळतात. तुम्ही हलका गिअर टाकला की तीही आरामात फिरते. घाटांसाठी तीच चांगली. महाग असते आणि चेन, कॅसेट लवकर झिजवते, कारण दोघांचा जोर एकाच चेनवर. चांदणी चौकापुरतं हब मोटर चालून जाते.

सेन्सरचं दुकानातच कळतं. साध्या सेन्सरला फक्त पायडल फिरतंय एवढंच समजतं. पाय नुसते हलवले तरी मोटर पूर्ण ओढते, आणि सुरुवातीला अर्धा फेरा झाल्यावर दचकून ओढते. बाजीराव रोडच्या गर्दीत हा दचका पुढच्याच्या मडगार्डवर जातो. टॉर्क सेन्सर तुमचा पाय किती जोर लावतोय ते मोजतो आणि त्या प्रमाणात मदत करतो. मोटर आहे हे विसरायला होतं, आपल्याच पायात बळ आलंय असं वाटतं. फरक किमतीत आहे, पण पैसे कुठे घालायचे असतील तर इथे घालावेत.

"उतारावर बॅटरी परत चार्ज होते ना?" बहुतेक नाही. मिड ड्राइव्ह आणि गिअरवाल्या हब मोटरमध्ये आत फ्रीव्हील असतं, उतारावर चाक मोटरला फिरवतच नाही. आणि जिथे होते तिथेही सायकलीचं वजन इतकं कमी की हाती लागते ती चिल्लर.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. आतला थर्माकोलसारखा फोम एकदाच चिरडायला बनवलेला असतो. आपटलं की बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं. काहींत आत पिवळी सरकती जाळी दिसते, ती मिप्स. डोकं तिरकं आपटलं की ते गर्रकन वळतं आणि मेंदूला इजा करण्यात या वळण्याचा मोठा हात असतो. जाळी सेंटिमीटरभर सरकते आणि ते वळणं थोडं कमी करते. कार्बनची फ्रेम, वॉटमध्ये जोर मोजणारी पायडलं, हे भाचीच्या कामाचं नाही, म्हणून सोडून दिलं.

तिने शेवटी बिनमोटरची घेतली. अॅल्युमिनियमची फ्रेम, पुढे एक मागे दहा, तेलाचे डिस्क ब्रेक, 40 चे टायर, आत साध्या ट्यूबा. मोटरचं पुढच्या वर्षी, पगार वाढला तर. अॅडाप्टर मी भेट दिला.

निघण्याआधी तिला चेन मोजायला शिकवली, कारण या सगळ्यात पहिली तीच झिजते आणि झिजली की कॅसेटला घेऊन जाते. यंत्र लागत नाही, शाळेची फूटपट्टी पुरते. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच, काळ्या सायकलीलाही आणि लाखाच्या सायकलीलाही. पट्टीचं शून्य एका पिनेच्या मधोमध ठेवायचं. चेन नवी असेल तर 12 इंचांच्या रेघेवर बरोबर एक पिन येते. ती पिन रेघेच्या एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची. एक अष्टमांश गेली असेल तर कॅसेटही गेलाच. तिची अर्थातच बरोबर आली, सायकल तासाभरापूर्वीची होती. मग तिने पट्टी माझ्या सायकलीला लावली, वाकून एक डोळा मिटून बघितलं, पट्टी सरकवून पुन्हा लावली.

"मामा, शेवटची तू कधी बदललीस?"